मळमळ, अतिसार आणि बद्धकोष्ठता यांवरील औषधे

मळमळ व उलटी थांबवणारी वांतिरोधक औषधे, जुलाबांवर दिली जाणारी अतिसाररोधक औषधे आणि शौचास साफ व्हावे म्हणून दिली जाणारी रेचके यांचा परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक्रमात एकत्र विचार केला जातो. रुग्णालयाच्या जवळजवळ प्रत्येक कक्षात ही औषधे रोज वापरली जातात आणि त्यांपैकी कित्येक औषधांच्या दुकानातही सहज मिळतात. मळमळ, अतिसार व बद्धकोष्ठता ही रोगांची नावे नसून लक्षणांची नावे आहेत. त्यामुळे औषधाने लक्षण दबले तरी मूळ विकार तसाच राहू शकतो. किंबहुना लक्षण दबल्यामुळेच तो उशिरा ओळखला जाण्याचा धोका असतो. आतड्याला पीळ पडलेल्या रुग्णाला दिलेले रेचक, डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची उलटी थांबवणारे इंजेक्शन आणि रक्ती आव झालेल्या बालकाला दिलेले जुलाब बंद करणारे औषध ही याची ठळक उदाहरणे होत.

रुग्णाच्या औषधपत्रकावर ही औषधे बहुधा ‘एसओएस’, म्हणजे गरज भासल्यास द्यावीत, अशा सूचनेसह लिहिलेली असतात. गरज भासली आहे की नाही, हे पाहण्याचे काम त्यामुळे प्रत्यक्षात परिचारिकेकडे येते. या औषधांना परिचर्येच्या औषधशास्त्रात विशेष स्थान मिळाले आहे ते मुख्यतः या कारणाने.

वांतिरोधक औषधे

उलटी ही लंबमज्जेतील केंद्राकडून घडवली जाणारी संरक्षक क्रिया आहे. या केंद्राकडे निरनिराळ्या वाटांनी सूचना येतात. जठर व आतड्यांचा क्षोभ झाल्यास तेथील पेशींतून सेरोटोनिन स्रवते आणि प्राणेशा चेतातंतूमार्फत सूचना मेंदूकडे जाते. रक्तातील विषारी द्रव्ये व औषधे यांची दखल चौथ्या मस्तिष्कविवराच्या तळाशी असलेला एक लहानसा भाग घेतो. या भागात रक्त व मेंदू यांमधील अडसर विरळ असल्याने रक्तातील द्रव्ये तेथे सहज पोहोचतात. तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णाकडून येणारी वाट हिस्टामीन व ॲसिटिलकोलीन यांच्यावर चालते. गाडी लागणे म्हणतात ते याच वाटेने. दुर्गंध, भीती किंवा नुसती आठवण यांमुळे येणारी उलटी मेंदूच्या वरच्या भागांतून सुरू होते. कोणत्या वाटेने उलटी आली आहे यावर औषधाची निवड अवलंबून असते. घाटातल्या वळणांनी होणाऱ्या मळमळीवर सेरोटोनिनरोधक औषध फारसे चालत नाही, आणि कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या तीव्र उलट्या प्रवासाच्या गोळीने थांबत नाहीत.

सध्या सर्वाधिक वापरले जाणारे ऑन्डान्सेट्रॉन हे सेरोटोनिनच्या एका ग्राहीला अडवते. अमेरिकेत १९९१ मध्ये त्यास मान्यता मिळाली आणि कर्करोगावरील औषधोपचार सोसणे रुग्णांना पुष्कळ सुसह्य झाले. प्रौढांना ते सामान्यतः ४ ते ८ मिलिग्रॅम दिले जाते. ते झोप आणत नाही व स्नायूंचे झटकेही सहसा आणत नाही, म्हणून ते निर्धोक समजून वाटेल तसे दिले जाते. परंतु ते हृदयाच्या विद्युत्‌चक्राचा एक टप्पा लांबवते. याच कारणास्तव २०१२ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने शिरेतून एकाच वेळी ३२ मिलिग्रॅम देण्याची मात्रा बंद केली. रक्तातील पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी असलेल्या रुग्णात हा धोका वाढतो. आणि वारंवार उलट्या होणाऱ्या रुग्णात नेमकी हीच क्षारद्रव्ये कमी झालेली असतात. शिरेतून देताना ते २ ते ५ मिनिटांत सावकाश देणे श्रेयस्कर मानले जाते. डोकेदुखी व बद्धकोष्ठता हे त्याचे नेहमीचे उपद्रव आहेत.

मेटोक्लोप्रमाइड हे डोपामीनरोधक औषध जठर लवकर रिकामे करते. ते मेंदूत शिरत असल्याने, विशेषतः मुलांत व तरुणांत, मान वाकडी होणे, डोळे वर चढणे, जबडा आवळणे असे झटके येऊ शकतात. हे दृश्य फिट किंवा धनुर्वातासारखे भासते आणि नातेवाइकांची घाबरगुंडी उडते. औषध थांबवून प्रोमेथॅझिन किंवा तत्सम औषधाचे इंजेक्शन दिल्यास झटके बहुधा थोड्याच वेळात ओसरतात. पण कारण ओळखण्यासाठी गेल्या दिवसभरात कोणते इंजेक्शन दिले होते, याची नोंद पाहावी लागते. दीर्घकाळ वापराने तोंड व जिभेच्या अनैच्छिक हालचाली कायमच्या जडू शकतात. म्हणून अमेरिकेत २००९ मध्ये, हे औषध १२ आठवड्यांपलीकडे देऊ नये, असा ठळक इशारा वेष्टनावर छापणे सक्तीचे झाले. युरोपात २०१३ मध्ये ही मर्यादा ५ दिवसांवर आणली गेली. आतड्यात अडथळा असल्याची शंका असेल तर हे औषध वर्ज्य आहे, कारण अडलेल्या आतड्याला ते अधिक जोराने ढकलते. डोम्पेरिडोन त्याच जातीचे असून मेंदूत फारसे शिरत नाही, मात्र हृदयावरील परिणामाबाबत तेही संशयमुक्त नाही.

प्रोमेथॅझिन, डायमेनहायड्रिनेट व मेक्लिझिन ही हिस्टामीनरोधक औषधे तसेच हायोसिन प्रवासातील मळमळीवर उपयोगी पडतात. भारतात प्रवासाआधी घेतली जाणारी एव्होमीनची गोळी प्रोमेथॅझिनचाच एक क्षार आहे. या गोळ्या निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. प्रोमेथॅझिन दोन वर्षांखालील मुलांना देत नाहीत, कारण त्यांचा श्वास मंदावू शकतो. ते शिरेबाहेर झिरपल्यास किंवा चुकून धमनीत गेल्यास ऊतींचा नाश होऊन बोटे किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. सुई टोचलेल्या जागी आग होते, असे रुग्णाने म्हणताच इंजेक्शन तेथेच थांबवले पाहिजे.

कर्करोगावरील उपचारांत डेक्सामेथासोन, ॲप्रेपिटंट व ओलान्झापिन यांची जोड दिली जाते. ही औषधे उलटी होण्याची वाट न पाहता उपचारापूर्वीच द्यायची असतात.

गर्भारपणातील मळमळीच्या औषधांना एक काळाकुट्ट इतिहास आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेचे औषध म्हणून आलेले थॅलिडोमाइड गर्भवतींना मळमळीवरही दिले जाऊ लागले. १९६१ च्या अखेरीस ते तेथे मागे घेण्यात आले, तोवर अनेक देशांत मिळून सुमारे १०,००० बालके हातापायांच्या व इतर व्यंगांसह जन्मली होती. अमेरिकी औषध प्रशासनातील फ्रान्सिस केल्सी यांनी सुरक्षिततेचा पुरावा अपुरा असल्याचे सांगून मान्यता रोखून धरल्यामुळे तो देश मोठ्या प्रमाणात बचावला. या प्रकरणाने निर्माण केलेल्या धास्तीचा फटका पुढे डॉक्सिलामिन व पायरिडॉक्सिन यांच्या मिश्रणासही बसला. खटल्यांना कंटाळून अमेरिकेतील उत्पादकाने ते १९८३ मध्ये बंद केले. व्यंगांशी त्याचा संबंध सिद्ध झाला नव्हता. २०१३ मध्ये तेच मिश्रण तेथे पुन्हा मान्य झाले. भारतातही ते या अवस्थेतील प्रथम पसंतीचे औषध आहे.

वांतिरोधक देण्यापूर्वी उलटीत काय पडले हे पाहणे आवश्यक असते. हिरवी पित्ताची उलटी, विशेषतः नवजात बालकात, आतड्यातील अडथळा सुचवते. कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी जठरातील रक्तस्राव दर्शवते. मळमळ न होता जोराने उसळणारी उलटी व सोबत डोकेदुखी असल्यास कवटीतील दाब वाढल्याची शंका घेतात. अशा वेळी डॉक्टरांना कळवणे आधी, इंजेक्शन नंतर. गुंगीतल्या रुग्णाला कुशीवर वळवून ठेवणे हे कोणत्याही वांतिरोधकापेक्षा तातडीचे असते, कारण उलटी श्वासनलिकेत गेल्यास जिवावर बेतते.

अतिसारावरील औषधे

अतिसारात मृत्यू येतो तो प्रायः जुलाबांमुळे नव्हे, तर त्यांवाटे निघून गेलेल्या पाण्यामुळे व क्षारांमुळे. म्हणून जुलाब थांबवणारे औषध आणि अतिसाराचा उपचार या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद सामान्य व्यवहारात अजूनही पुरेसा रुजलेला नाही. मुलाचे जुलाब बंद करा, असा आग्रह धरणाऱ्या पालकांना पुडीतली पांढरी भुकटी हे औषध वाटत नाही.

जलसंजीवनी अर्थात ओआरएस ही त्या भुकटीची ओळख. साखरेसोबत मीठ दिल्यास आतडे दोन्ही एकदम शोषून घेते व त्यामागोमाग पाणीही शोषले जाते. सोडियम व ग्लुकोज यांची ही जोडवाहतूक रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. पटकीच्या रोग्यात आतड्याचा स्राव अनावर झालेला असतानाही ही यंत्रणा शाबूत राहते. कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्येच पटकीच्या रुग्णांना तोंडावाटे क्षारजल देऊन पाहिले होते. ढाक्यात डेव्हिड नेलिन व रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये त्याची पद्धतशीर चाचणी घेतली.

खरी कसोटी लागली ती १९७१ मध्ये. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडू लागल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपांतून पाजण्याची व्यवस्था केली. पाजण्याचे काम बहुतांशी रुग्णांच्या नातलगांनीच केले. तोवर सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले. ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकाने १९७८ मध्ये सोडियम व ग्लुकोज यांच्या जोडवाहतुकीच्या या शोधाची गणना शतकातील संभाव्यतः सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर द्रावणासाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम अशी एकूण २०.५ ग्रॅमची पुडी असते. हे सूत्र आधीच्या सूत्राहून सौम्य आहे. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील बालकास ५० ते १०० मिलिलिटर आणि दोन ते दहा वर्षांच्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर द्रावण पाजतात. निर्जलीभवनाची काही लक्षणे दिसत असल्यास दर किलो वजनामागे ७५ मिलिलिटर या हिशेबाने ते चार तासांत देतात. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करायचे असते; उलटी झाली म्हणून जलसंजीवनी बंद करणे ही सार्वत्रिक चूक आहे. मूल शुद्धीत नसेल किंवा पिऊच शकत नसेल, तर मात्र शिरेतून द्रव देण्यास पर्याय नाही.

पुडी किती पाण्यात मिसळायची हे पालकांकडून वदवून घेणे परिचारिकेच्या कामाचा महत्त्वाचा भाग आहे. बाजारात लिटरभर पाण्याच्या आणि २०० मिलिलिटरच्या अशा दोन्ही पुड्या मिळतात. लिटरची पुडी एका पेल्यात कालवल्यास रक्तातील सोडियम धोकादायक रीतीने वाढते. थोडी थोडी भुकटी चिमटीने पाण्यात टाकत राहिल्यास प्रमाणच राहत नाही. तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे लागते. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घरीच द्रावण करता येते. मीठ घातलेली भाताची पेज किंवा ताकही चालते. अंगावरचे दूध व आहार बंद करू नये. गोड पेये व फळांचे डबाबंद रस मात्र जुलाब वाढवतात. जलसंजीवनीसारख्या दिसणाऱ्या साखरयुक्त पेयांच्या वेष्टनांवर ‘ओआरएस’ हे अक्षरचिन्ह वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली.

जलसंजीवनीसोबत मुलांना जस्त दिले जाते. सहा महिन्यांखालील बालकास रोज १० मिलिग्रॅम व त्यापुढील मुलांस २० मिलिग्रॅम अशी मात्रा भारतात १४ दिवस देतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पुऱ्या करायच्या असतात. आशा कार्यकर्तींकडे हे दोन्ही उपलब्ध असते.

आतड्यांची हालचाल मंदावणाऱ्या औषधांत लोपेरामाइड प्रमुख आहे. ते अफूच्या कुळातील असले तरी नेहमीच्या मात्रेत मेंदूत टिकत नाही, कारण तेथील वाहक प्रथिन त्याला बाहेर लोटते. प्रौढांना आधी ४ व मग प्रत्येक पातळ शौचानंतर २ मिलिग्रॅम देतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीही दिवसाला १६ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडत नाहीत. प्रवासातील साध्या जुलाबांत किंवा आतड्याचा भाग काढलेल्या रुग्णांत ते उपयुक्त आहे. ताप असताना किंवा शौचात रक्त पडत असताना मात्र ते देत नाहीत, कारण जंतू व त्यांचे विष बाहेर पडण्याऐवजी आतच कोंडले जाते. लहान मुलांत आतडे पूर्ण निश्चल होऊन पोट फुगू शकते. १९९० च्या सुमारास पाकिस्तानात या औषधाचे थेंब दिलेली काही तान्ही मुले अशा रीतीने दगावल्यावर उत्पादकाने थेंब मागे घेतले. अतिमात्रेत हृदयाची लय बिघडत असल्याचा इशारा २०१६ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने दिला.

डायफेनॉक्सिलेट याच गुणधर्माचे आहे. नशेसाठी कोणी जास्त गोळ्या घेऊ नयेत म्हणून त्यात ॲट्रोपिनचा अंश मुद्दाम घातलेला असतो. लहान मुलाने या गोळ्या चुकून खाल्ल्यास श्वास मंदावण्याचा धोका कित्येक तासांनीही उद्भवतो, त्यामुळे मूल बरे दिसले तरी त्याला लगेच घरी पाठवत नाहीत. रेसिकॅडोट्रिल हालचाल न थांबवता फक्त स्राव कमी करते. बिस्मथच्या औषधाने जीभ व शौच काळे होते. हा रक्तस्राव नव्हे, हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे.

प्रतिजैविके पटकी, रक्ती आव व मोजक्या इतर संसर्गांतच लागतात. विषाणुजन्य जुलाबांत त्यांचा उपयोग नाही, उलट त्यांच्यामुळेच नवे जुलाब सुरू होतात. जुलाबांवर बेफिकिरीने औषध घेण्याची सर्वांत मोठी किंमत जपानने मोजली. तेथे क्लायोक्विनॉल हे साधे जुलाबाचे औषध दीर्घकाळ घेतलेल्या सुमारे १०,००० लोकांना पायांतील बधिरता, पांगळेपण व अंधत्व यांनी ग्रासले. सप्टेंबर १९७० मध्ये औषधाची विक्री थांबवल्यावर नवे रुग्ण आढळणे जवळजवळ थांबले. तोपर्यंत या विकारामागे एखादा विषाणू असावा, असाच अनेकांचा तर्क होता.

रेचके

शौचास रोज झालेच पाहिजे हा समज औषधशास्त्राला मान्य नाही. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा, कठीण व कुंथून होणारे शौच यास सर्वसाधारणपणे बद्धकोष्ठता म्हणतात. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधनातून १९९७ मध्ये पुढे आलेला सात प्रकारांचा शौचतक्ता नोंदीसाठी सर्वत्र वापरला जातो. ‘शौचास झाले’ एवढ्या नोंदीपेक्षा त्यातील क्रमांक अधिक सांगतो.

इसबगोलाचे फोलपट पाणी धरून मळाचे आकारमान वाढवते. ते मुख्यतः गुजरात व राजस्थानात पिकते. ते पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचे असते आणि वर आणखी पाणी घ्यायचे असते. कोरडे किंवा थोड्या पाण्यात घेतल्यास ते अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. म्हणून गिळण्यास त्रास होणाऱ्या व पाणी कमी पिणाऱ्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णास ते योग्य नाही. पातळ शौच बांधण्यासही ते उपयोगी पडते, हा त्याचा दुहेरी गुण.

लॅक्ट्युलोज व पॉलिइथिलीन ग्लायकॉल आतड्यात पाणी ओढून घेतात. लॅक्ट्युलोजचा परिणाम दिसण्यास एक ते दोन दिवस लागतात, हे न सांगितल्यास रुग्ण दुसऱ्याच दिवशी आणखी काही मागतो. यकृताच्या विकारातून आलेल्या भ्रमावस्थेत तेच औषध रोज दोन ते तीन मऊ शौचे होतील अशा बेताने देतात. तेथे शौचाची मोजणी हाच मात्रेचा आधार असतो. मॅग्नेशियमयुक्त रेचके मूत्रपिंड निकामी असलेल्यांना टाळतात.

बिसाकोडिल व सोनामुखी आतड्याच्या भिंतीस चेतवतात. रात्री घेतलेल्या गोळीचा परिणाम ६ ते १२ तासांनी, सकाळी दिसतो. गुदद्वारातून दिलेली बिसाकोडिलची वर्ती १५ ते ६० मिनिटांत काम करते. गोळीवरील आवरण जठरात विरघळू नये यासाठी ती चावत नाहीत व दूध किंवा आम्लरोधक औषधासोबत घेत नाहीत. एकेकाळी महाराष्ट्रात घरोघरी मुलांना ठरावीक दिवसांनी एरंडेल पाजण्याची रीत होती. एरंडेलातील रिसिनोलेइक आम्ल गर्भाशयासही आकुंचित करते, त्यामुळे गर्भवतींना ते वर्ज्य आहे. पातळ पॅराफिन झोपून असलेल्या वृद्धांच्या फुप्फुसात उतरल्यास चिवट न्यूमोनिया होतो.

एनिमा देताना रुग्णास डाव्या कुशीवर निजवतात, कारण मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असतो. फॉस्फेटचा एनिमा वृद्धांत व मूत्रपिंडाच्या रुग्णांत दुसऱ्यांदा देण्यापूर्वी विचार करावा लागतो. २४ तासांत एकाहून अधिक मात्रा घेतल्याने मृत्यू ओढवल्याच्या नोंदींवरून २०१४ मध्ये अमेरिकेत सावधगिरीची सूचना निघाली. अचानक पोट दुखू लागून उलटी व ताप असल्यास रेचक व एनिमा दोन्ही देत नाहीत, कारण सुजलेले आंत्रपुच्छ फुटू शकते.

एकमेकांत गुंतलेली लक्षणे

या तीन गटांतील औषधे एकमेकांची लक्षणे निर्माण करतात. ऑन्डान्सेट्रॉनने शौच अडते, रेचकांनी जुलाब होतात, काही प्रतिजैविकांनी मळमळ व जुलाब दोन्ही होतात. मॉर्फीनने येणारी मळमळ काही दिवसांनी कमी होते. पण शौच अडणे शरीराच्या सवयीचे होत नाही. त्यामुळे मॉर्फीन सुरू करतानाच सोबत चेतक रेचक लिहून घेण्याची पद्धत आहे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच अडते व त्याचा रंग काळा होतो.

सर्वाधिक फसवणारी स्थिती वृद्धांत आढळते. कित्येक दिवस शौच न झाल्याने गुदाशयात मळाचा कठीण गोळा बसतो आणि त्याच्या कडेने वरचे पातळ शौच नकळत झिरपत राहते. अंथरूण वारंवार भिजते, नोंदवहीत ‘जुलाब’ लिहिले जाते आणि औषधपत्रकावर असलेले लोपेरामाइड दिले जाते. गोळा आणखी पक्का होतो, भूक जाते, मळमळ सुरू होते. मग वांतिरोधक दिले जाते, आणि ते ऑन्डान्सेट्रॉन असल्यास शौच आणखी अडते. ही साखळी औषधांची यादी वाचून सुटत नाही. रुग्ण मॉर्फीन किंवा लोह घेत आहे का, आकार धरलेले शौच शेवटचे कधी झाले, झिरपणारे शौच थोडे थोडे व सतत येते का, पोट फुगले आहे का, हे पाहून डॉक्टरांना कळवावे लागते. गुदाशय बोटाने तपासल्यावर निदान बहुधा तेथेच होते. त्यानंतर लोपेरामाइड बंद करून तेलाच्या किंवा पाण्याच्या एनिमाने गोळा मऊ करतात, आवश्यक तेथे तो हाताने काढतात आणि पुढे पॉलिइथिलीन ग्लायकॉल सुरू ठेवतात. हाताने काढताना प्राणेशा चेतातंतू उद्दीपित होऊन नाडी एकदम मंदावू शकते, म्हणून हृदयरुग्णांत या कृतीच्या वेळी नाडीवर लक्ष ठेवले जाते.